साठीनंतर कॅमेरा हाती घेताय? पहिल्या वर्षात काय करावं आणि कशात अडकू नये

मी एकसष्टाव्या वर्षी पहिला कॅमेरा घेतला. त्याला आता सहा वर्षं झाली, आणि दिवसातला माझा सगळ्यात आवडता वेळ आजही कॅमेरा खांद्यावर अडकवल्यावरच सुरू होतो. पण पहिले आठ-नऊ महिने माझा फार हिरमोड झाला, कारण मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी कॅमेरा घेतला, मग लांबचं दिसावं म्हणून जड लेन्स घेतली, मग खास फोटोंसाठी प्रवास केला. उजेड कसा बघायचा हे सगळ्यात शेवटी शिकले. खाली तोच रस्ता सुलट करून लिहिला आहे.

‘आता या वयात सुरू करून काय जमणार’ ही शंका मनात असेल तर दोन नावं सांगते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली मुलगी-जावयानं कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्या काळी काचेच्या प्लेटवर स्वतः रसायन चढवून, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. तरीही व्यक्तिचित्रं काढणाऱ्या थोरांमध्ये आज त्यांचं नाव घेतलं जातं. जपानच्या किमिको निशिमोतो मुलाच्या फोटोग्राफीच्या वर्गात जाऊन बसल्या त्या ७२व्या वर्षी. स्वतःलाच मॉडेल करून त्यांनी काढलेले मिश्कील फोटो पुढे जगभर पाहिले गेले.

आपल्याजवळ तरुणांपेक्षा एक गोष्ट जास्त आहे: एका जागी थांबायला सवड. फोटोग्राफीत ती लेन्सपेक्षा मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढचे सगळे टप्पे मी त्याच जोरावर मांडले आहेत.

## १. आधी फोन, एक खिडकी आणि तीस दिवस

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. हातातला फोन पुरेसा आहे. घरातली एक खिडकी निवडा, तिच्याजवळ एक स्टूल ठेवा आणि स्टुलावर एखादी साधी वस्तू. मी काचेचा पेला ठेवला होता. तीस दिवस रोज त्याच वस्तूचे तीन फोटो काढायचे: सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना. वस्तू हलवायची नाही, आपण हलायचं.

पहिल्या चार-पाच दिवसांत कंटाळा येतो. सहाव्या-सातव्या दिवशी दिसायला लागतं की पेला तोच असला तरी सकाळी त्याची सावली लांब आणि मऊ पडते, दुपारी ती आखूड आणि धारदार होते, आणि ढगाळ दिवशी सावली जवळजवळ नसतेच. हे वाचून कळत नाही. बघत बसावं लागतं.

हाताचा एक प्रयोग करून बघा. खिडकीजवळ उभं राहून आपलाच तळहात समोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. खिडकी समोर असताना, म्हणजे उजेड हाताच्या मागून येत असताना, हात काळसर दिसतो आणि बोटांच्या कडा उजळतात. खिडकी बाजूला आली की प्रत्येक रेषा उठून दिसते. खिडकी पाठीशी आली की हात सपाट होतो, रेषा पुसट होतात. व्यक्तिचित्रात पहिले काही महिने बाजूचा उजेडच वापरा.

फोनवर एवढ्या चार सवयी लावून घ्या:

- फोटो काढण्याआधी लेन्स मऊ सुती कपड्यानं पुसा. धुरकट फोटोंचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लेन्सवर उमटलेलं आपलंच बोट.
- ज्यावर नजर जावी असं वाटतं, त्यावर पडद्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनवर मग सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते खाली ओढलं की फोटो गडद होतो, वर ओढलं की उजळ.
- दोन बोटांनी चित्र मोठं करू नका. ठरावीक मर्यादेपुढे फोन फक्त चित्र कापून फुगवतो. शक्य असेल तिथे दोन पावलं पुढे जा.
- खिडकीचा उजेड वापरताना खोलीतले दिवे बंद करा. दोन प्रकारचे उजेड मिसळले की चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते.

एकोणिसाव्या दिवशी माझी ताई त्याच स्टुलावर येऊन बसली होती, सुईत दोरा ओवत. चष्मा कपाळावर सरकवलेला, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलेलं, सुई डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. उजेड डावीकडून येत होता. मी तिच्या अंगठ्यावर बोट टेकवलं आणि ते सूर्याचं चिन्ह खाली ओढत गेले, इतकं की मागची भिंत काळी झाली. उरले फक्त दोन हात, अंगठ्याच्या पेरावरच्या सुरकुत्या आणि सुईच्या नेढ्याशी चमकणारा एक पांढरा ठिपका. तिला मी थांब म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला त्या क्षणी फोटो निघाला. त्यानंतर महागडी साधनं वापरून खूप फोटो काढले, पण माझ्या भिंतीवर आजही तोच आहे.

## २. डोळ्यांची सोय लावून घ्या

हा टप्पा शिकवणीच्या वर्गात सहसा कुणी सांगत नाही, आणि आपलं बहुतेक अडतं ते इथेच.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी, असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना त्या जागेशेजारी एक छोटी चकती असते. तिला डायॉप्टर म्हणतात. आपल्या नजरेप्रमाणे व्ह्यूफाइंडर स्पष्ट करण्यासाठी ती असते. माझी चकती पिशवीत घासून सरकली आणि मी दीड महिना लेन्स बिघडली असं धरून चालले. दुकानात दोनदा नेऊन दाखवली, तिथेही लेन्सच बदलून बघा असा सल्ला मिळाला. शेवटी भाचीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि विचारलं, ‘मावशी, आतले आकडेसुद्धा पुसट आहेत, ते लेन्समुळे कसे असतील?’ खूण हीच. दृश्याबरोबर व्ह्यूफाइंडरमधले आकडेही अस्पष्ट असतील, पण काढलेला फोटो मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसत असेल, तर लेन्स ठीक आहे, चकती फिरवा. चष्मा लावून बघायचं की काढून, हे एकदाच ठरवा आणि चकती त्याप्रमाणे बसवा. मी ती जागा चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यानं पक्की केली आहे.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं दिसण्याचा भाग काचेच्या खालच्या अंगाला असतो. फोन डोळ्यांच्या रेषेत धरला की पडदा नीट दिसावा म्हणून आपण नकळत हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. फोन छातीच्या उंचीवर धरा. पोलराइज्ड गॉगल लावून काही पडदे ठरावीक कोनातून काळे दिसतात. त्यात फोनचा दोष नसतो.

वयानुसार बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. अंधारात विशीतल्या माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ती ५ च्या आसपास थांबते. म्हणून तिन्हीसांजेला आपल्याला जे काळोखात गेल्यासारखं वाटतं, ते फोनला अजून दिसत असतं. ‘उजेड गेला’ म्हणून घाईनं आत येऊ नका, एक फोटो काढून बघा. सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं, आभाळ निळं असताना, मला सगळ्यात जास्त देऊन गेली आहेत.

मोतीबिंदू वाढत असेल तर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, आणि शस्त्रक्रियेनंतर पांढरा रंग अचानक निळसर वाटू लागतो. चित्रकार क्लोद मोने यांची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली, आणि नंतर कितीतरी दिवस ते रंग विचित्र दिसतात म्हणून तक्रार करत होते. आपल्यासाठी त्यातला व्यवहार एवढाच की रंगांत फेरफार नेहमी प्रतीवर करा, मूळ फोटो तसाच ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर कॅमेऱ्याची खरेदी आणि डायॉप्टरची जुळवाजुळव तिच्यानंतर करा.

## ३. कॅमेरा घ्यायचाच असेल तर हातात धरून घ्या

महिना संपल्यावरही फोननं तुमचं समाधान होत असेल तर फोनवरच राहा. त्यात काही कमीपणा नाही. पण खोलीतल्या कमी उजेडात, लांबच्या पक्ष्यांसाठी किंवा स्वतः चक्र-बटणं फिरवून शिकण्यासाठी कॅमेरा हवासा वाटतो. तसं वाटलं तर आधी वजन बघा. कॅमेरा आणि लेन्स मिळून एक किलोच्या आत ठेवा, सातशे ग्रॅमच्या आत जमलं तर फारच छान. जे जड आहे ते घरी राहतं. माझी ती लांबची लेन्स एकटीच दीड किलोच्या घरात होती, आणि वर्षभरात मी ती अकरा वेळा बाहेर नेली.

‘फुल फ्रेम’ घ्या असा आग्रह होईल. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, ३६ × २४ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या लेन्सही त्याच मापाच्या. ‘मायक्रो फोर थर्ड्स’ या पद्धतीत सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, त्यामुळे लेन्स लहान आणि हलक्या. अंधारात मोठा सेन्सर सरस ठरतो, हे खरं. पण खांद्याचं दुखणं असलेल्या माणसानं रोज बाहेर नेता येईल असा लहान कॅमेराच घ्यावा, असं मी आग्रहानं सांगेन.

खरेदीला जाताना सोबत न्या:

- रोजचा चष्मा, आणि वाचायचा वेगळा असेल तर तोही
- स्वतःचं मेमरी कार्ड, म्हणजे तिथेच दोन-चार फोटो काढून घरी मोठ्या पडद्यावर बघता येतील
- छोटा टॉर्च. जुना कॅमेरा घेत असाल तर लेन्समधून उजेड पाडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघायला
- वही-पेन, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक उतरवून घ्यायला

आणि तिथे उभं राहून या गोष्टी तपासा:

- पंधरा मिनिटं हातात धरून मनगट दुखतं का?
- मेनूतली अक्षरं चष्म्यानं सहज वाचता येतात का?
- चक्र आणि बटणं तुमच्या बोटांना फिरवता-दाबता येतात का? संधिवात असेल तर हे फार महत्त्वाचं.
- पडदा उघडून वर वळवता येतो का? जमिनीवरच्या फुलाचा फोटो गुडघे न टेकता काढायचा तर तो हवाच.
- कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये थरथर सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझेशन, आहे का?

सुरुवातीला एकच लेन्स. कॅमेऱ्यासोबत येते तीच चालेल. जोडीला एक जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं आणि रुंद पट्टा घ्या. पट्टा मानेत न अडकवता एका खांद्यावरून दुसऱ्या कुशीकडे तिरका घाला. ट्रायपॉड, फिल्टर, फ्लॅश यांना सहा महिने थांबू दे.

## ४. तीन आकडे, एका वेळी एक

ऑटोवर ठेवून फोटो चांगले येतात. मग शिकायचं कशासाठी? डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षांच्या २२१ जणांचा अभ्यास केला. काहींना डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम असं नवं, डोक्याला ताण देणारं काम तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास शिकवलं. दुसऱ्या काहींनी तेवढाच वेळ गप्पागोष्टी आणि सहलींत घालवला. आठवणीच्या चाचण्यांत नवं शिकणारे पुढे गेले, नुसता एकत्र वेळ घालवणारे तेवढे गेले नाहीत. हे वाचून मला बळ आलं, कारण शटरस्पीडशी झगडताना होणारी डोक्याची दमणूक मला खटकायची. आता मी ती हवीशी मानते.

तर तीन आकडे. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सची बाहुली. आकडा लहान (एफ/१.८) तर छिद्र मोठं, उजेड जास्त, मागचं सगळं मऊ आणि पुसट. आकडा मोठा (एफ/८) तर छिद्र लहान आणि पुढचं-मागचं बरंच स्पष्ट. हा उलटा हिशेब सगळ्यांनाच सुरुवातीला गोंधळात टाकतो. शटरस्पीड म्हणजे उजेड आत घेणारं शटर किती वेळ उघडं राहतं: १/५०० सेकंदात उडता पक्षी जवळपास थिजतो, १/१५ मध्ये चालणारा माणूस पुसटतो. आयएसओ वाढवला की त्याच उजेडात फोटो उजळ निघतो, पण दाणेदारपणा वाढतो.

तिन्ही एकदम धरू नका. मी भाचीनं लावून दिलेल्या या मांडणीवर चार महिने काढले आणि तुम्हालाही तीच सुचवते:

- मोड: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (चक्रावर ‘ए’ किंवा ‘एव्ही’)
- आयएसओ: ऑटो, कमाल मर्यादा ६४००
- किमान शटरस्पीड: १/१२५
- फोकस: एकच बिंदू, मधोमध

आता तुम्ही फक्त अ‍ॅपर्चर फिरवायचं. एक आठवडा सगळे फोटो एफ/४ वर, पुढचा आठवडा सगळे एफ/८ वर. प्रत्येक फोटोत हे आकडे आपोआप नोंदले जातात आणि संगणकावर ‘माहिती’ उघडली की दिसतात, त्यामुळे वहीत उतरवत बसायची गरज नाही.

एक सापळा: मेनूतलं एखादं सेटिंग चुकून बदलतं आणि कॅमेरा ‘ऐकेनासा’ होतो. मेनूत ‘रीसेट’ असतं. ते कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा आणि वरची चार सेटिंग्ज कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत घाला.

## ५. हात थरथरत असेल तर

जुना नियम असा की शटरस्पीडचा खालचा आकडा निदान लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरइतका हवा. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरला १/५०, २०० ला १/२००. आपण तो दुप्पट धरावा: १/१०० आणि १/४००. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला वाचवता येत नाही.

कोपरं बरगड्यांना चिकटवा, डावा हात लेन्सच्या खाली घ्या, खांदा दाराच्या चौकटीला टेका. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण दाबण्याऐवजी पिळल्यासारखं हळू खाली न्या. एकामागोमाग चार-पाच फोटो घेतलेत तर मधले बहुधा जास्त स्थिर येतात, कारण हिसका बटण दाबताना आणि सोडताना बसतो. टेबलावर कॅमेरा ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावणं हाही चांगला उपाय.

दोरीची युक्ती मला फार उपयोगी पडली. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी पाव इंचाचं आट्यांचं भोक असतं. त्यात बसणारा स्क्रू घ्या, त्याला मजबूत दोरी बांधा आणि दोरीचं खालचं टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरा. ताणामुळे हात वर-खाली हलत नाही. वजन काहीच नाही, खिशात मावते.

प्रागचे फोटोग्राफर योसेफ सुडेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. त्यांनी पुढची कित्येक दशकं मोठे लाकडी कॅमेरे वापरून काम केलं, आणि त्यांच्या गाजलेल्या फोटोंपैकी बरेच त्यांच्या स्टुडिओच्या खिडकीचे आहेत: ओली काच, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली साधी वस्तू.

## ६. बाहेर पडताना

इथे मी कडक शब्दांत सांगणार आहे. डोळ्याला कॅमेरा लावून एकही पाऊल टाकायचं नाही. विशेषतः मागे. सगळा ग्रुप चौकटीत बसावा म्हणून माणूस मागे सरकत जातो आणि पायरी, दगड किंवा रस्ता पाठीशी असतो. कॅमेरा खाली घ्या, मागे वळून बघा, मग सरका. मी असंच एकदा मागे सरकताना घोटा मुरगाळून घेतला आणि सहा आठवडे घरात बसले.

- लांबच्या लेन्समधून, आरसा असलेल्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरनं, सूर्याकडे कधीही बघू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.
- सकाळी पहिल्या तासात किंवा संध्याकाळी शेवटच्या तासात जा. ऊन कोवळं असतं आणि दमायलाही कमी होतं.
- एका ठिकाणी निदान वीस मिनिटं बसा. बाक, पायरी, कट्टा, काहीही चालेल. चांगली पार्श्वभूमी शोधा आणि माणसं तिच्यात यायची वाट बघा.
- अनोळखी माणसाचा जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय नाहीच. पांढऱ्या केसांच्या माणसाला लोक पटकन हो म्हणतात. त्या विश्वासाला धरून वागा आणि फोटो त्यांना पाठवा.

## ७. वर्षभरासाठी एक विषय

सहा महिन्यांनी बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कारण सगळंच काढून झालेलं असतं. तेव्हा एक विषय धरा आणि वर्षभर सोडू नका.

फोटोग्राफर आंद्रे केर्टेस यांची पत्नी १९७७ साली गेली. त्यानंतर, ऐंशी उलटलेली असताना, त्यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात एका साध्या पोलरॉइड कॅमेऱ्यावर खिडकीत ठेवलेल्या काचेच्या छोट्या अर्धपुतळ्याचे फोटो काढायला घेतले. त्या काचेतून बाहेरचं शहर आणि आभाळ उलटं-वाकडं होऊन दिसतं. घराबाहेर पाऊल न टाकताही किती काम होऊ शकतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. अमेरिकन फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅम यांनी ९२व्या वर्षी नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे फोटो काढायचा प्रकल्प हाती घेतला.

विषय असा निवडा की तो तुमच्या दारापासून दहा मिनिटांच्या आत असेल आणि बदलत राहणारा असेल. एक झाड दर रविवारी. समवयस्क मैत्रिणींचे हात, प्रत्येकीच्या रोजच्या कामात. जिन्यातला उजेड. मी दुसऱ्या वर्षी फक्त दारं घेतली, अर्धी उघडी. जिथे जाणं ही आधी मोठी मोहीम ठरते असा विषय पहिल्या वर्षी टाळा.

गट किंवा वर्ग शोधत असाल तर पहिल्या बैठकीला जाऊन ऐका. तासभर फक्त लेन्सच्या गोष्टी चालल्या तर दुसरा शोधा. एकमेकांचे फोटो समोर ठेवून बोलणारा चारजणांचा गटही पुरतो. ‘तुमचा फोटो निवडला गेला, प्रमाणपत्रासाठी पैसे भरा’ असे निरोप येतात, त्यांना उत्तर देऊ नका. स्पर्धेत भाग घेण्याआधी फोटोचे हक्क कुणाकडे जातात ते वाचा.

## ८. गाळा, थोडंच सुधारा, छापा

शंभर काढा, दहा ठेवा. निवड त्याच दिवशी करू नका. त्या दिवशी आपल्याला फोटो दिसत नाही, काढताना झालेला आनंद दिसतो. आठवडा जाऊ द्या.

सुधारणा तीनच: क्षितिज सरळ करा, कडेचा पसारा कापा, उजेड जरा वर-खाली करा. चेहरे गुळगुळीत करणारी बटणं वापरू नका. आपल्या वयाच्या माणसांच्या चेहऱ्यावर जे आहे ते फार सुंदर आहे, आणि ते पुसायला माझं मन घेत नाही.

मग छापा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात. म्हणजे ४ × ६ इंचाला १२०० × १८०० बिंदू, आणि ८ × १२ इंचाला २४०० × ३६००, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू). १२ मेगापिक्सेलच्या फोनवरचा न कापलेला फोटो त्याला आरामात पुरतो. पण मेसेजमधून आलेला फोटो छापायला देऊ नका. पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या.

## ९. जुन्या फोटोंना उजेडात आणा

हे काम आपणच करू शकतो, कारण त्या फोटोंतली माणसं ओळखणारे आता आपणच उरलो आहोत.

खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, फोटो सपाट ठेवा. कॅमेरा किंवा फोन त्याच्या बरोबर वर, समांतर धरा, नाहीतर चौकट तिरकी येते. चकाकी येत असेल तर गडद रंगाचे कपडे घाला आणि फोटो थोडा वळवा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर सुटून येतो. काचेतूनच, तिरक्या उजेडात प्रत घ्या. मागची बाजूही टिपा, तिथे कधी कधी तारीख किंवा कुणाचं अक्षर असतं.

नावं लिहायची तर जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं. हल्लीच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटोंसाठीचं टिकाऊ शाईचं पेन वापरा आणि पूर्ण वाळू द्या. बॉलपेन दोन्हीकडे नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

## १०. जपून ठेवा आणि कुणाच्या तरी हाती सोपवा

प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. मेमरी कार्ड साठवणीसाठी वापरू नका. फोटो उतरवून दोन ठिकाणी पोचल्याची खात्री झाल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग विषय, म्हणजे ते आपोआप क्रमानं लागतात. दमट हवा असेल तर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. चामड्याच्या बंद पिशवीत बुरशी लवकर धरते.

एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा: हार्ड डिस्क कुठे आहे, ऑनलाइन खात्याचं नाव काय, पासवर्ड कुठे ठेवला आहे, आणि हजारो फोटोंतले जे पन्नास नक्की जपायचे आहेत त्यांचं फोल्डर कोणतं. ते पान घरातल्या एका माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

मी भाचीला दाखवलं तेव्हा तिनं सगळी फोल्डरं चाळली आणि म्हणाली, ‘यात तू कुठे आहेस?’ सहा वर्षांच्या फोटोंत मी नव्हतेच. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याच खिडकीतल्या स्टुलावर बसते. स्टुलावर आधी उशी उभी ठेवून तिच्यावर फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा म्हणजे तो हलत नाही, टायमर दहा सेकंदांवर लावायचा, उशी उचलून तिच्या जागी बसायचं. उठबस करायला दहा सेकंद अपुरे पडत असतील तर कॅमेऱ्याचं अ‍ॅप फोनवर घ्या आणि बसल्या जागेवरून बटण दाबा. चेहरा खिडकीकडे थोडा वळवा, उजेड बाजूनं येऊ द्या.